ट्रायलला घरचं माणूस

"मास्क काढा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"धूळ आहे," मास्तर म्हणाले.

"मशीन बंद आहे मास्तर. धूळ केव्हाच खाली बसली. मास्क काढा आणि तोंड उघडा."

दहा मिनिटांपूर्वी प्लास्टरचा एक जबडा घासता घासता मास्तरांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. ते खाली पडले नाहीत, टेबलाला धरून उभे राहिले, पण हातातला साचा मात्र फरशीवर पडला आणि त्याचा सुळा तुटला. डॉक्टरबाई धावत आल्या, त्यांनी स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मास्तरांना काळजी त्या सुळ्याची.

"कुणाचा होता तो साचा?" त्यांनी विचारलं.

"ते मी बघते. आ करा."

दवाखान्याच्या मागच्या या खोलीत मास्तर एकोणतीस वर्षं कवळ्या बनवत होते. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे रांगेने मांडलेले, कोपऱ्यात गॅसची शेगडी, टेबलावर मेणाच्या गुलाबी पट्ट्या. पुढच्या खोलीत डॉक्टर माणसांची मापं घ्यायचे आणि मागे मास्तर दात बसवायचे. या डॉक्टरबाईंचे वडील थोरले डॉक्टर. त्यांच्या हाताखाली मास्तर लागले तेव्हा डॉक्टरबाई पाच वर्षांच्या होत्या आणि उरलेल्या प्लास्टरची मांजरं करत टेबलाखाली बसायच्या. आज त्या टॉर्च घेऊन समोर उभ्या होत्या आणि सुटका नव्हती.

मास्तरांनी मास्क काढला. तोंड उघडलं.

डॉक्टरबाईंनी उजेड टाकला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दातांचा डॉक्टर बोलायचा थांबला, की प्रकरण हाताबाहेर गेलं असं खुशाल समजावं. त्यांनी आरशाच्या दांड्याने एक दात हलवून पाहिला. हलला. शेजारचा हलवला. तोही हलला. हिरडी जरा दाबली तर कडेने पू आला.

"किती दिवस झाले?"

"असतील दोनेक वर्षं."

"मास्तर."

"चार."

चार म्हटल्यावर डॉक्टरबाईंनी पुढे विचारलं नाही. मास्तरांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती.

"साखर किती आहे?"

"गोळ्या चालू आहेत."

"मी गोळ्या नाही विचारल्या."

मास्तरांनी आकडा सांगितला. डॉक्टरबाईंनी टॉर्च बंद केला.

"हिरड्यांत एवढा पू घेऊन फिरताय, साखर उतरेल कशी? तुमचे साखरेचे डॉक्टर गोळ्या वाढवतायत आणि तुम्ही गिळताय. गळक्या टाकीत पाणी भरण्यातला प्रकार. ही चक्कर, हा थकवा, अंगावर मांस नाही, सगळं याच्यातून आलंय. आणि माझ्यापासून चार पावलांवर बसता हो तुम्ही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"काढावे लागतील?"

"सगळे."

मास्तरांनी मान हलवली. इतरांच्या बाबतीत हे त्यांना प्लास्टर पाहूनच कळायचं. जबड्याच्या साच्यावरून माणूस कुठल्या बाजूने चावतो, झोपेत दात खातो का, किती दिवस दुखणं अंगावर काढलंय, हे ते बिनचूक सांगत. स्वतःचा साचा त्यांनी कधी काढलाच नव्हता.

झालं होतं ते असं. बायको अकरा महिने अंथरुणाला खिळली होती तेव्हा स्वतःच्या दाताकडे बघायला वेळ नव्हता, आणि ती गेल्यावर वेळच वेळ होता पण कारण उरलं नाही. माणूस सकाळी दात घासतो तो कुणाशी तरी बोलायचं असतं म्हणून, असं मास्तरांना प्रामाणिकपणे वाटू लागलं होतं. एक दिवस पावाच्या घासाबरोबर एक दाढच हातात आली. मास्तरांनी ती धुतली, पाहिली, कागदात गुंडाळून टाकून दिली. मग घास मऊ होत गेले. भात पाण्यात कालवून, पाव चहात बुडवून. दवाखान्यात चहासुद्धा ते भिंतीकडे तोंड करून पीत आणि लगेच मास्क वर घेत. लोकांना वाटलं, मास्तर कामात फार काटेकोर आहेत.

एकदा ते मुलीकडे गेले होते. तिचं गाव एका रात्रीच्या प्रवासावर. नात तेव्हा दहा महिन्यांची होती, मांडीवर घेतली तर तिने मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि नाक मुरडून मान फिरवली. मुलगी उठली आणि काही न बोलता तिने खिडकी उघडली. तिने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मास्तर दुसऱ्या दिवशी काम आहे म्हणून परत आले आणि त्यानंतर दोन वर्षं गेलेच नाहीत. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. तिने व्हिडिओ लावला की मास्तर म्हणायचे, या फोनचा कॅमेरा खराब झालाय. दोन वर्षांत तो काही दुरुस्त झाला नाही.

दात काढायला पाच खेपा लागल्या. मास्तर निमूटपणे पुढच्या खुर्चीत बसले, ट्रेमध्ये एकेक दात टण्ण करून पडला, आणि दर वेळी उठून ते मागच्या खोलीत कामाला लागले. दुसऱ्या महिन्यात साखर उतरली. तिसऱ्या महिन्यात आणखी उतरली. गोळ्यांचे डॉक्टर खूश झाले आणि सगळं श्रेय त्यांनी आपल्या गोळ्यांना दिलं. मास्तरांना चक्कर येईनाशी झाली, दुपारी डोळे मिटायचे थांबले, जिना चढताना मध्ये बसावं लागेना. फक्त तोंडाचं बोळकं झालं होतं आणि स, श, त, थ सगळे एकाच माळेचे मणी झाले होते. बोलायचं असं फार नव्हतंच.

हिरड्या भरून आल्यावर डॉक्टरबाईंनी माप घेतलं. मास्तरांनी आपल्याच जबड्याचा साचा ओतला, वाळू दिला, हातात घेऊन फिरवून पाहिला. हाड बरंच झिजून खाली बसलं होतं. दुसऱ्या कुणाचा असता तर मास्तर म्हणाले असते, या माणसाकडे कुणी बघणारं नाही वाटतं.

त्यांनी दात निवडले. साठीच्या पुरुषाला शोभतील असे, फार पांढरे नाहीत, फार मोठे नाहीत. मेणात एकेक करून बसवले. दोन दिवसांत काम झालं आणि खालीवर एक दोष नव्हता. मग चिठ्ठी भरायची वेळ आली.

या दवाखान्यात प्रत्येक कवळीबरोबर एक चिठ्ठी फिरते. तिच्यावर नंबर, दातांचा रंग, माप, आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'ट्रायल पाहिली, घरच्या माणसाची सही.' मेणात दात बसवलेले असतात तोवर ते इकडेतिकडे करता येतात. एकदा मेण काढून त्याजागी प्लास्टिक भरलं आणि कवळी पक्की शिजवली, की मग काही बदलत नाही. म्हणून मेणाची कवळी रोग्याच्या तोंडात घालून बघतात, त्याला म्हणायचं ट्रायल. त्या ट्रायलला घरचं एक माणूस आणायचंच, आणि त्याची सही झाल्याशिवाय मास्तर कवळी शिजवायला घालत नसत. नियम त्यांचाच होता. म्हणजे खरं पाहता त्यांच्या बायकोचा.

मास्तर नवे होते तेव्हाची गोष्ट. एका म्हातारीला त्यांनी अशी देखणी कवळी करून दिली होती की थोरल्या डॉक्टरांनी पाठ थोपटली. आठ दिवसांनी म्हातारी परत आली आणि तिने कवळीची डबी टेबलावर ठेवली. "जेवता येतं हो चांगलं. पण आमचे हे माझ्याकडे बघतच नाहीत. म्हणतात, तू बोललीस की कुणीतरी पाहुणी आल्यासारखं वाटतं." मास्तरांनी रात्री ही गोष्ट बायकोला हसण्यावारी सांगितली. ती हसली नाही.

"चष्मा घेतानासुद्धा माणूस कुणाला तरी विचारतं, बरा दिसतो का म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही अख्खं तोंड बदलता आणि घरच्यांना विचारत नाही?"

"तिने आरशात पाहिलं होतं की."

"आरशात आपण गप्प असतो. घरचे आपल्याला बोलताना बघतात, हसताना बघतात. त्यांना विचारा."

थोरल्या डॉक्टरांना ते पटलं आणि चिठ्ठीवर ती ओळ आली. तेव्हापासून नवरे आले, सुना आल्या, एकट्या माणसांबरोबर शेजारी आले. सही झाली. कवळ्या शिजल्या. मास्तरांच्या स्वतःच्या चिठ्ठीवर ती ओळ कोरी होती.

ट्रायलच्या दिवशी डॉक्टरबाईंनी मेणाची कवळी त्यांच्या तोंडात बसवली आणि हातात आरसा दिला. आरशात एक बरा, नेटका माणूस होता. कुठल्यातरी बँकेचा मॅनेजर असावा.

"कसे वाटतात?"

"चांगले आहेत."

"काम चांगलं आहे हे मलाही दिसतंय. तुमचे वाटतात का?"

मास्तरांनी आरसा खाली ठेवला. "सही मीच करतो," ते म्हणाले. "मी पाहिले ना. करणारा मी, घालणारा मी."

"मागच्या महिन्यात ते शिंपीकाका हेच म्हणत होते. तुम्ही त्यांना परत पाठवलंत. म्हणालात, कुणालाही आणा, पण आणा."

"त्यांना शेजार आहे."

"मी बघू का? पाच वर्षांची असल्यापासून तुम्हाला पाहतेय."

"तू मास्क पाहिलास," मास्तर म्हणाले. बोलण्याच्या भरात कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून 'तू' गेलं होतं. दोघांनाही ते कळलं.

शेवटी डॉक्टरबाईंनी जे कधी होत नाही ते केलं. मेणाची कवळी थंड पाण्याच्या डबीत घातली आणि डबी मास्तरांच्या हातात दिली. "घरी न्या. कुणाला तरी दाखवा. उन्हातून जाऊ नका, मेण आहे."

रविवारी सकाळी मास्तरांनी कवळी तोंडात बसवली, खुर्ची उजेडात ओढली, आणि फोन यायची वाट न पाहता स्वतःच मुलीला व्हिडिओ लावला.

"बाबा?" पडद्यावर मुलगी गोंधळली होती. "चुकून लागला का हो? व्हिडिओ लागलाय."

"चुकून नाही. दिसतोय ना?"

ती बघत राहिली. मग तिचा चेहरा बदलला. "किती वाळलात तुम्ही. बाबा, काय झालंय?"

मग सांगावंच लागलं. साखर, चक्कर, दात, पाच खेपा. मास्तर हे सगळं रस्त्याचं काम कुठवर आलं ते सांगावं तसं सांगत होते आणि मुलगी पलीकडे डोळे पुसत होती.

"आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत. मी इकडे काय समजत होते, माहितीये? मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं, तुम्ही रागावून तोंड दाखवत नाही."

"राग कसला. वास यायचा गं. तूच नाही का ती खिडकी उघडलीस."

"कुठली खिडकी?"

"मी आलो होतो तेव्हा. बाळाने मान फिरवली, तू उठून खिडकी उघडलीस."

मुलीने आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, मास्तरांना ते तिच्या कपाळावर दिसलं. "मला नाही आठवत बाबा. गरम होत असेल. ती खिडकी मी दिवसातून दहादा उघडते."

दोन वर्षं मास्तरांनी ती खिडकी जपून ठेवली होती. ती उघडली म्हणून ते गेले नाहीत, नात चालायला लागली तेव्हा गेले नाहीत, बोलायला लागली तेव्हा गेले नाहीत. आता कुणाच्या नावाने ओरडणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"बरं, ते जाऊ दे," ते म्हणाले. "एक काम आहे तुझ्याकडे. हे दात बघ. नीट बघ. मी बोलतो, तू बघ." आणि काय बोलावं ते न सुचल्यामुळे मास्तरांनी एकपासून वीसपर्यंत आकडे म्हटले.

"छान आहेत की! तरुण दिसताय एकदम."

"छान नाही विचारत. पूर्वीसारखे आहेत का? माझे होते तसे?"

मुलगी खोटं बोलणारी नव्हती, आईवर गेली होती.

"खरं सांगू का बाबा? तुमचे दात कसे होते तेच मला आठवत नाही. तुम्ही हसताना कायम तोंडावर हात धरायचात. माझ्या लग्नातल्या फोटोतसुद्धा तुमचा हातच आहे." मग ती हळूच म्हणाली, "आईला माहीत असतं."

"हो," मास्तर म्हणाले.

पुढच्या महिन्यात सुट्टी काढून येते, असं मुलीने सांगितलं. नातीने पडद्याला नाक लावून या दातवाल्या आजोबांना पाहिलं आणि ती खेळायला निघून गेली. फोन बंद झाला. सही करायला मुलगी आनंदाने तयार होती. नियमात ते बसलं असतं. शिंपीकाकांच्या शेजाऱ्याने याहून जास्त काय पाहिलं होतं?

मास्तरांनी कवळी काढून डबीत ठेवली आणि फोटो शोधायला कपाट उघडलं. एखाद्या फोटोत हात नसेल. होता. सगळ्या फोटोंत एकतर हात होता, नाहीतर ओठ मिटलेले होते. शाळेत असताना पुढच्या दोन दातांमधल्या फटीवरून पोरं त्यांना 'फटफटी' म्हणायची. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणून सोडून देणारा त्यांचा स्वभाव नव्हता. तेव्हा जो हात तोंडावर गेला तो कायमचा. फोटोंच्या खाली बायकोचा शिवणाचा डबा होता. तो त्यांनी नुसता हलवायला उचलला आणि हातात घेऊन पलंगावर बसले.

एका बायकोसमोर तेवढा तो हात खाली यायचा. त्याला कारण हा डबा. लग्न नवं होतं तेव्हा एकदा तिने त्यांच्या अंगातल्याच शर्टाचं बटण शिवलं, सुई त्यांच्या छातीशी धरून म्हणाली, "हं, तोडा दोरा." कात्री लांब होती. मास्तरांनी पुढच्या दातांत दोरा धरून ओढला. दोरा फटीतून सरकन निघून आला. पुन्हा धरला, पुन्हा निघाला. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि तिच्याकडे बघून मास्तरही हसले, दोन्ही हातांनी शर्ट ताणून धरलेला असल्यामुळे तोंडावर काहीच न धरता. "लोकांचे दात करायला निघालाय," ती म्हणाली, "आणि स्वतःला एक दोरा तोडता येत नाही." पुढे पंचवीस वर्षं, जितकी बटणं तुटली तितक्या वेळा हा खेळ झाला. ती दोरा पुढे करायची, तो सरकायचा, मग तीच उठून कात्री आणायची.

डब्यात गडद निळ्या दोऱ्याचं रीळ अर्धं शिल्लक होतं.

सोमवारी सकाळी मास्तर सगळ्यांच्या आधी दवाखान्यात आले. बर्नर पेटवला, सुरी तापवली, वरच्या दोन दातांभोवतीचं मेण मऊ केलं आणि दात एकमेकांपासून केसभर दूर केले. रिळाचा दोरा मधून ओढला. अडकला. आणखी केसभर. अजून अडकत होता. बोटांना ते माप माहीत नव्हतं, कानांना होतं. तिसऱ्या खेपेला दोरा न कुरकुरता, ओळखीचा बारीक आवाज करत निघून आला. मास्तरांनी मेण थंड होऊ दिलं. दातांची ती सरळ, निर्दोष रांग आता बिघडली होती. एकोणतीस वर्षांत असं काम त्यांनी कुणाला दिलं नसतं.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा चिठ्ठी त्यांच्या टेबलावर होती. घरच्या माणसाच्या सहीच्या जागी निळ्या दोऱ्याचा बोटभर तुकडा गुलाबी मेणाने चिकटवलेला होता.

"हे काय?"

"तिचा आहे," मास्तर म्हणाले. "मापाला हाच होता. माझ्या पुढच्या दोन दातांत फट होती, घरात ती फक्त तिनेच पाहिली होती."

डॉक्टरबाईंनी कवळी त्यांच्या तोंडात बसवली, आरसा दिला नाही, स्वतःच थोडं मागे सरून पाहिलं. मास्तरांचा हात सवयीने वर आला होता. डॉक्टरबाईंनी तो धरून खाली घेतला आणि खुर्चीच्या दांडीवर ठेवला.

"शिजवा," त्या म्हणाल्या.

चार दिवसांनी मास्तर पक्की कवळी घालून घरी गेले. वाटेत घेतलेलं सफरचंद त्यांनी चार फोडी करून खाल्लं. चावताना इतका आवाज झाला की ते स्वतःच दचकले. त्या घरात इतका आवाज बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. साल चिवट होती, हिरड्या जरा दुखल्या, पण त्यांनी चारही फोडी सावकाश संपवल्या.

मग त्यांनी कामाचा कोट घेतला. दुसरं बटण कधीचं लोंबत होतं. खिडकीशी बसून सुईत निळा दोरा ओवला, चार टाके घातले, गाठ मारली. कोट तोंडाशी नेऊन दोरा पुढच्या दातांत धरला आणि ओढला.

दोरा सरकन निघून आला.

मास्तरांनी कोट मांडीवरून बाजूला ठेवला आणि कात्री आणायला स्वतःच उठले.